थोरल्याचा निळा

"ताई, तुम्ही थोरल्याला जिवंत केलंत?"

जिन्याची शेवटची पायरी चढते न चढते तोच सोदामने मला दारात गाठलं. माझ्या अंगातला कोट अजून उतरला नव्हता, हातात नाश्त्याच्या किंबापची, म्हणजे भाताच्या गुंडाळ्यांची, पुडी होती, आणि सकाळची कॉफी पोटात गेल्याशिवाय माझं डोकं चालत नाही हे तिला चांगलं माहीत आहे.

"कुठला थोरला?"

"अहो, आपला! आपला थोरला! काल रात्री भाग लागल्यापासून नुसता हलकल्लोळ माजलाय. बघा तरी!" तिने फोन माझ्या नाकासमोर धरला.

मी चष्मा चढवला. एकशे शहाण्णवावा भाग. तिन्हीसांजेची वेळ, आईचं घर, कागदी दार अर्धं उघडं, आणि दारात मुलगा उभा. पहिल्या चौकटीत तो टोपी काढतो, दुसरीत केस मोकळे सोडतो, तिसरीत नुसतं त्याचं डोकं मागून दिसतं आणि आतल्या दिव्याचा उजेड त्यावर पडतो. तिन्ही चौकटींत केसांवरची चकाकी निळी होती.

निळी! किंबापची पुडी हातातून निसटून खाली पडली, ती उचलायचंही भान राहिलं नाही.

नीट सांगते. आमची चित्रमालिका फोनवर वाचायची आहे, आठवड्याला एक भाग. त्यात दोन जुळे भाऊ आहेत, जुन्या काळच्या राजाच्या पहारेकऱ्याचे मुलगे. चेहरा एक, उंची एक, केस कमरेपर्यंत काळेभोर. नुसत्या रेघांत पाहिलं तर कोण कोणता हे सख्ख्या आईलाही कळू नये. फरक फक्त काळ्याच्या आत आहे. थोरल्याच्या केसांवर उजेड पडला की निळा दिसतो, धाकट्याच्या केसांवर तांबूस. चार वर्षं वाचकांना एवढीच एक खूण दिलीय आणि ती माझ्या हातची आहे. कोरियातल्या बुचॉन शहरातल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या स्टुडिओत केस मी रंगवते. फक्त केस. त्वचा आणि कपडे सोदामकडे.

आणि थोरला तर मेलाय! शेहेचाळीस भागांपूर्वी, पुलावरच्या मारामारीत. पांढऱ्या कापडात गुंडाळून पुरला त्याला, अख्खा देश हळहळला. आता आईच्या दारात यायचा होता तो धाकटा.

"मी तर धाकटा म्हणूनच त्याचे कपडे रंगवले," सोदाम म्हणाली. "ताई, असं ठरलं होतं का? मला कोणी सांगितलंच नाही."

"काही ठरलं नव्हतं," मी म्हटलं. "माझी चूक झालीय."

सोदामने तोंडावर हात ठेवला. ती एकतीस वर्षांची आहे, मी एक्कावन्न. चार वर्षांत तिने माझ्या तोंडून हे वाक्य ऐकलं नव्हतं.

खाली चाळीस हजार कॉमेंट होत्या. मी चारपाचच वाचल्या. 'निळा! निळा! निळा!' 'मी वर्गात किंचाळले, सरांनी बाहेर काढलं.' 'म्हणजे पुलावर धाकटा मेला? आणि हा इतके दिवस धाकटा बनून राहिला?' एकाने लिहिलं होतं, 'रंगवणाऱ्याची चूक असेल, उगाच नाचू नका.' त्याच्या खाली दुसऱ्या कोणीतरी त्याला झापलं होतं: 'ह्या मालिकेतले केस कधी चुकलेत का? पहिल्या भागापासून बघ. ती व्यक्ती चुकत नाही.'

ते वाचून जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं असं वाटलं.

"मिरानबाई!"

योमसाहेबांची हाक आली. योमसाहेब म्हणजे स्टुडिओचे प्रमुख. माणूस वाईट नाही, पण घाबरला की ओरडतो, आणि घाबरतो रोजच. आज त्यांच्या शर्टाची बटणं एक घर सोडून लागली होती.

"हे काय करून ठेवलंत? आं? दुसरीकडे कुठे चुकायचं तर नेमकं आईच्या दारात?"

"चूक झाली, साहेब."

"चूक! मालिका लावणाऱ्या कंपनीच्या मॅडमचे सकाळपासून सहा फोन. कथा बदलली हे आम्हाला कधी सांगितलंत, म्हणून विचारतायत. काय सांगू त्यांना? आमच्या केसवाल्या काकू डुलक्या घेत होत्या?"

"डुलक्या नव्हते घेत. आणि भाग एकट्या माझ्या हातून जात नाही. लेखिकेने बघितला, तुम्ही बघितलात, तुमच्या मॅडमनी बघितला. एवढे डोळे काय भाड्याने दिले होते?"

योमसाहेबांनी आ वासला. सोदाम मागे खोकली. माझी जीभ अशीच आहे. वीस वर्षं केशकर्तनालयात काढली आहेत, तिथे जीभ कात्रीइतकी चालवावी लागते.

"हे पाहा," ते जरा खाली आले, "दहाच्या आत तिन्ही चौकटी तांबूस करून द्या. जुन्या काढून नव्या चढवू. म्हणू, काहीतरी तांत्रिक घोळ झाला. दोन दिवसांत लोक विसरतील. आणि तुमचा करार या महिन्याअखेर संपतोय, त्याबद्दल नंतर बसून बोलू."

हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं.

मी जागेवर जाऊन बसले. सोदामने न विचारता कॉफीची पुडी गरम पाण्यात ढवळून आणून ठेवली आणि किंबाप उचलून बाजूला ठेवला. काम असं फार नव्हतं. केस रंगवताना आधी सगळा काळा भरून घ्यायचा. त्यावर सावलीचा लेअर, म्हणजे वेगळा थर, तो काळ्याला असा चिकटवायचा की बाहेर सांडत नाही. मग चकाकीचा लेअर, डोक्याभोवती कडं असतं तसा, माथ्याच्या भोवऱ्याकडे बघून. शेवटी चुकार बटा. नवीन मुलं एकेक केस ओढत बसतात आणि डोक्याचा झाडू करतात. मी त्यांना सांगते, बाळांनो, केस रंगवू नका, बट रंगवा. काळा दोन्ही भावांचा एकच. सावलीचा आणि चकाकीचा रंग तेवढा बदलायचा. एका चौकटीला दोन मिनिटं पुष्कळ झाली.

फाइल उघडली. उजवीकडे लेअरची यादी आली आणि प्रत्येक लेअरपुढे तो छोटा डोळा. डोळा मिटला की लेअर दिसत नाही, पण असतो तिथेच. मी सहज वर पाहिलं. फाइल शेवटची कधी ठेवली त्याची तारीख तिथे असते. भाग लागण्याच्या सहा आठवडे आधी आमचं काम संपतं, म्हणून ती तारीख जुनी होती. सहा आठवड्यांपूर्वीचा गुरुवार, दुपारचे तीन वाजून चाळीस मिनिटं.

माझ्या हातातलं पेन तसंच हवेत राहिलं.

तो गुरुवार दॉक-सूच्या वर्षश्राद्धाचा होता.

दॉक-सू माझा नवरा. बुचॉनमध्ये बस चालवायचा. चौतिसाव्या वर्षी त्याचे केस पांढरे झाले, घराण्यातच होतं ते. छत्तिसाव्या वर्षी मेट्रोत एका शाळकरी पोरीने उठून त्याला जागा दिली, 'बसा आजोबा' म्हणाली. घरी येऊन तो जेवला नाही. त्या रविवारी मी त्याला न्हाणीघरात प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं, जुना रेनकोट गळ्याभोवती बांधला आणि डोकं रंगवलं. दुकानातला उरलासुरला स्वस्त रंग होता. असल्या रंगाचा काळा उन्हात निळा मारतो. बसच्या खिडकीतून ऊन आलं की त्याचं डोकं कावळ्यासारखं निळं चमकायचं. त्यानंतर सोळा वर्षं दर महिन्याला रेनकोट, स्टूल आणि तो निळा. या रंगांनीच पुढे माझ्या हातांची सालं निघाली, दुकान सोडावं लागलं. नगरपालिकेच्या वर्गात पोरांच्या शेजारी बसून मी हे टॅब्लेटचं काम शिकले, पण दॉक-सूचं डोकं सोडलं नाही. हातमोजे घालून रंगवायचे.

होबाकने, म्हणजे आमच्या लेखिकेने, चार वर्षांपूर्वी मला सांगितलं होतं, "मिरानताई, मला दोन काळे हवेत. एकमेकांत न मिसळणारे." तांबूस मी रस्त्यावरच्या पोरांच्या डोक्यांवरून घेतला. निळा घरातून आणला.

मग गेल्या वर्षी आमचं भांडण झालं. त्याच्या डेपोतल्या मित्रांसमोर कोणीतरी विचारलं, वहिनी हल्ली काय करतात? तर हा हसून म्हणाला, "कार्टूनांच्या वेण्या घालते." सगळे हसले. मीही तिथे हसले आणि घरी येऊन फणकारले. म्हटलं, "मी वेण्या घालणारी ना? मग तुझं डोकं तूच रंगव." त्याला वाटलं दोन दिवसांत राग उतरेल. मला वाटलं त्याने माफी मागावी. तीन आठवडे गेले. तो रोज टोपी घालून कामावर जात होता, मी रोज बघत होते आणि गप्प बसत होते.

बाविसाव्या दिवशी डेपोच्या खानावळीत रांगेत ताट घेऊन उभा असताना तो खाली पडला. मी इस्पितळात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. कोणी काही बोललं तर ते मला ऐकू येत होतं, पण कळत नव्हतं.

शवपेटीत ठेवायच्या आधी न्हाऊ घालून केस विंचरले, तेव्हा मुळाशी बोटभर पांढरी पट्टी दिसत होती. त्याचे मित्र एकमेकांकडे बघायला लागले. एकजण हळूच म्हणाला, "हा आपला दॉक-सूच ना?" सोळा वर्षं त्याने जे जगापासून लपवलं होतं ते त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं, आणि माझ्यामुळे पाहिलं. मी तिथल्या माणसाला म्हटलं, मला अर्धा तास द्या, मी रंग घेऊन येते. तो हात जोडून म्हणाला, "वेळ ठरलेली असते, बाई." तसाच गेला तो.

दोन महिने होत नाहीत तोच होबाकने थोरल्याला पुलावर मारलं. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी रडले नाही. त्याच्या रंगांचं फोल्डर बंद केलं आणि यादीत अगदी तळाला ढकलून दिलं.

आणि सहा आठवड्यांपूर्वीच्या त्या गुरुवारी मला लवकर घरी जायचं होतं. मुगाची धिरडी घालायची होती, मासा वाफवायचा होता, नासपती आणायच्या होत्या. श्राद्धाला दार उघडं ठेवायचं असतं, गेलेला माणूस त्या वाटेने आत येतो. पण आमचं दार बटणांच्या कुलपाचं, उघडं राहिलं की केकाटायला लागतं. दिवसभर मनात तेच चाललं होतं, दारात चप्पल अडकवावी की कुलपातल्या बॅटऱ्याच काढून ठेवाव्यात. आणि समोर चित्र काय, तर तिन्हीसांज, उघडं दार, आत वाट बघणारी बाई आणि दारात परतून आलेला माणूस.

माझ्या हाताने त्याला निळाच दिला. हाताला दुसरं काय माहीत असणार?

मी तळाचं फोल्डर पाहिलं. ते उघडलेलं होतं. मी स्वतः उघडलं होतं आणि मला त्याची शुद्ध नव्हती.

"झालं का हो?" योमसाहेबांनी दारातून विचारलं. साडेनऊ वाजले होते.

"करतेय."

मी पहिल्या चौकटीतला चकाकीचा लेअर पकडला. तांबूस रंगावर पेन नेलं. नुसतं टेकवायचं होतं. टेकवलं की दारातला माणूस धाकटा होणार आणि थोरला पुन्हा मातीत जाणार. एकदा गेला तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. आता मीच, माझ्याच हाताने त्याला दारातून परत पाठवायचा? पेन टेकेना. नोकरी जाईल हे कळत होतं, तरी टेकेना.

तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि होबाक आत आली.

होबाक म्हणजे भोपळा. आमच्याकडे दिसायला बऱ्या नसलेल्या पोरीला भोपळा म्हणून चिडवतात. शाळेत तिला फार चिडवलं, म्हणून लेखिका झाल्यावर तिने तेच नाव घेतलं. खरं नाव प्यो से-इन, वय चौतीस. घराबाहेर सहसा पडत नाही. आज घरातल्या सपाता, झोपायचे कपडे आणि डोक्याचं पार घरटं झालेलं.

"कोणी केलं?" ती धापा टाकत म्हणाली.

"मी." मी उभी राहिले. "चूक झाली, लेखिकाबाई. बदलतेच आहे."

"थांबा. बदललं का? बदललं नाही ना?"

"दहापर्यंत होईल," योमसाहेब पुढे सरसावले. "तुम्ही काळजी करू नका, मी यांना सक्त ताकीद—"

"तुम्ही गप्प बसा हो जरा!" होबाक त्यांच्या अंगावर ओरडली. तिचा आवाज इतका मोठा आहे हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. मग ती माझ्याकडे वळली. "ताई, मला खरं सांगा. तुम्ही चुकत नाही. निळा का दिलात?"

मी खोटं बोलणार होते. डोळे दुखत होते म्हणणार होते. पण तिने 'तुम्ही चुकत नाही' म्हटलं आणि माझा बांध फुटला. उभ्या उभ्या मी सगळं सांगितलं. रेनकोट, स्टूल, वेण्या घालते, बावीस दिवस, पांढरी पट्टी, बॅटऱ्या. सोदाम रडायला लागली. योमसाहेब शर्टाची चुकलेली बटणं बघत राहिले.

होबाक मटकन खाली जमिनीवर बसली. "म्हणजे मी थोरल्याला मारलं तेव्हा—" ती म्हणाली.

मग हळूच म्हणाली, "रात्रभर मी कॉमेंट वाचत होते. मला वाटलं, लोकांना त्याची इतकी आठवण येते? मी त्याला मारला कारण मला पुढे काही सुचत नव्हतं. खरं सांगते. गेले शेहेचाळीस भाग मी रेटतेय." तिने नाक पुसलं. "त्याला राहू द्यायचंय मला. पण कसा? इतके भाग तो तांबूस दिसलाय. लोक विचारतील, निळा माणूस वर्षभर तांबूस कसा?"

"त्यात काय," मी म्हटलं. धंद्यातला प्रश्न आला की माझं रडू आपोआप थांबतं. "केस रंगवून."

"त्या काळात?"

"त्या काळात काय लोक टकले होते? काळ्यावर नुसता तांबूस चढत नाही, आधी काळा उतरवावा लागतो. राखेच्या कडक पाण्याने रोज केस धुवायचे. महिन्याभरात गंजल्यासारखे तांबूस होतात. खराब होतात, पण होतात."

होबाकचे डोळे मोठे झाले. "मारेकरी थोरल्याच्या मागावर. धाकटा त्याचे कपडे घालून पुलावर गेला आणि मेला. थोरला राखेने डोकं धुऊन धाकटा बनला..." ती चाचपडत कागद शोधायला लागली आणि हाताला लागलेल्या किंबापच्या पुडीच्या कागदावर लिहू लागली. माझा नाश्ता सोदामच्या टेबलावर उघडा पडला. "मग आईच्या दारात पुन्हा निळा कसा? पाण्याने धुतलं तर परत काळे होतील?"

"एकदा उतरला की उतरला. वरून काळा लावावा लागेल. शाई. लिहायची शाई असेलच की त्यांच्या घरी. शाईचा काळा निळाच मारतो. पुलावर जाताना धाकट्यानेही तीच लावली असणार."

"म्हणजे आईला भेटायच्या आधी तो वाटेत थांबून..."

"आपलं डोकं आपल्यासारखं करून घेतो. आईसमोर दुसऱ्याचं डोकं घेऊन कसा जाईल?"

मग सोदाम एकदम हुंदका देत म्हणाली, "म्हणजे माझा धाकटा मेला?"

तो विचार माझ्याही डोक्यात आला नव्हता. चार वर्षं त्या पोराचे कपडे तिने रंगवले होते आणि काल रात्रीपासून तो मेलेला होता, तोही वर्षभरापूर्वी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "मेला गं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"आणि आई ओळखते कशी?" होबाकने विचारलं. "रंग वाचकांना दिसतो. आईला दिव्याच्या उजेडात काय दिसणार?"

"डोकं रंगवलं की कानामागे डाग राहतोच. कितीही पुसा, राहतोच. तिथे आईचा हात जाईल. अंगठ्याला शाई लागेल. तिला कळेल."

होबाक उठून उभी राहिली. मग तिने वाकून नमस्कार केला, चांगला कमरेत वाकून, सपातांवर. मला कसंसंच झालं.

योमसाहेबांनी घड्याळ बघितलं. दहाला पाच कमी. त्यांनी कंपनीच्या मॅडमना फोन लावला आणि आमच्या देखत म्हणाले, "अहो मॅडम, घाबरताय काय! हे तर आमचं केव्हापासून ठरलेलं. मुद्दाम कोणाला सांगितलं नव्हतं." सरड्याने यांच्याकडे शिकवणी लावावी.

त्या आठवड्यात होबाकने भागाच्या शेवटी टीप लिहिली: 'थोरला परत येणार हे पुलाच्या दिवशीच माझ्या मनात होतं.' लोक तिला अलौकिक बुद्धीची म्हणू लागले. तिने मला फोन करून विचारलं, "ताई, तुमचं नाव घालू का?" मी नको म्हटलं. काय लिहिणार? श्राद्धाच्या घाईत चुकलं म्हणून? माझा करार दोन वर्षांनी वाढला. योमसाहेब म्हणाले, "तुमच्या हाताला जादू आहे, मिरानबाई." मी म्हटलं, "हाताला इसब आहे, साहेब. गरम पाण्याचा नळ दुरुस्त करा."

आधी करून ठेवलेले भाग बाजूला सारून होबाकने पुढचा भाग नव्याने काढला, त्याच्या रेघा माझ्याकडे एका सोमवारी आल्या. शेवटची चौकट मोठी होती, फोनचा अख्खा पडदा भरेल एवढी. थोरला आईसमोर गुडघे टेकून बसलाय, डोकं खाली. आईचा एक हात त्याच्या केसांत, भांग फाकवून धरलेला. दुसऱ्या हाताचा अंगठा कानामागे. त्या चित्रात चेहरा नव्हताच. सगळं केसांवर होतं.

होबाकने सोबत एक ओळ लिहिली होती: 'ताई, हे डोकं तुमचं. हवा तेवढा वेळ घ्या.'

मी तीन दिवस घेतले. काळा भरला. सावली घातली, मानेशी दाट, भोवऱ्याशी पातळ. निळ्याचं कडं दिव्याच्या बाजूने फिरवलं. अंगठ्यावर आणि कानामागे शाईचा डाग दिला. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं झालं होतं. भांग तेवढा राहिला होता, आईच्या बोटांमधला.

मी एक नवा लेअर उघडला आणि मुळाशी बोटभर पांढरा भरला. घाईने नाही. एकेक बट धरून, माथ्यापासून कानापर्यंत, जसे ते होते तसे. पुरा झाल्यावर खुर्ची मागे सरकवून पाहिलं. ते थोरल्याचं डोकं राहिलंच नाही. रेनकोट तेवढा नव्हता. मी किती वेळ बघत बसले कोण जाणे, कॉफीवर साय धरली.

मग मी वर आणखी एक लेअर घेतला. स्वस्त रंगाचा काळा, तोच, निळा मारणारा. मुळापासून सुरुवात करून तो सगळ्या पांढऱ्यावर नीट लावला. एक केस सुटू दिला नाही. अर्धा तासही लागला नाही.

"ताई, झालं का?" सोदामने मागून वाकून पाहिलं. "बाई गं, काय सुंदर झालंय! आणि हा खालचा पांढरा कसला? झाकलाच गेलाय, काढून टाकू? फाइल हलकी होईल."

"राहू दे," मी म्हटलं. "कोणाला दिसत नाही."

सोदामने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ती आपल्या टेबलाकडे गेली.

मी पेनचं टोक त्या पांढऱ्या लेअरपुढच्या छोट्या डोळ्यावर नेलं आणि हलकेच तो मिटला. फाइल योमसाहेबांकडे पाठवली.